बालरुग्णांमधील शस्त्रक्रियोत्तर खाटेशेजारील सोनोग्राफी

शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात किंवा वॉर्डात ठेवलेल्या लहान मुलाला न हलवता, सोनोग्राफी यंत्र त्याच्या खाटेजवळ आणून, उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतःच संभाव्य गुंतागुंतीचा शोध घेणे, या पद्धतीस शस्त्रक्रियोत्तर खाटेशेजारील सोनोग्राफी असे म्हणतात. रुग्णालयांत ती 'बेडसाइड सोनोग्राफी' किंवा 'पॉइंट ऑफ केअर अल्ट्रासाउंड' (संक्षेपाने 'पोकस') या नावांनी ओळखली जाते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा उपयोग सर्वाधिक होतो; पोट, मेंदू व रक्तवाहिन्या यांच्या तपासणीतही तिला स्थान आहे.

क्ष-किरण विभागात होणाऱ्या नेहमीच्या सोनोग्राफीहून तिचा हेतू वेगळा आहे. नेहमीच्या तपासणीत तज्ज्ञ संपूर्ण अवयवाची पद्धतशीर पाहणी करून लेखी अहवाल देतो. खाटेशेजारी मात्र एकच नेमका प्रश्न विचारला जातो: छातीत पाणी साचले आहे का? श्वासपटल हलते आहे का? हृदयाभोवती रक्त जमले आहे का? उत्तर शक्यतो 'होय' किंवा 'नाही' असे असते, आणि गरज भासल्यास तोच प्रश्न दोन तासांनी पुन्हा विचारता येतो. या पद्धतीचे बळ चित्राच्या सुबकतेपेक्षा या पुनःपुन्हा पाहण्यात अधिक आहे.

संज्ञा

मानवी कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. त्यापलीकडील ध्वनींना मराठीत 'श्राव्यातीत ध्वनी' ही पारिभाषिक संज्ञा आहे. 'स्वनातीत' हा शब्द ध्वनीहून अधिक वेगासाठी वापरला जातो. दोहोंची गल्लत करू नये. लोकव्यवहारात 'सोनोग्राफी' हाच शब्द रूढ असून तो ऐकताच बहुतेकांना गर्भवतीची तपासणी आठवते. त्यामुळे हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या बाळाची 'सोनोग्राफी करायची आहे' असे सांगितल्यावर पालक बुचकळ्यात पडले तर नवल नाही. हृदयाच्या अशाच तपासणीला रुग्णालयांत 'इको' म्हणतात. दोहोंमागील तत्त्व एकच आहे.

तत्त्व

यंत्राच्या प्रोबमधील स्फटिक विजेच्या दाबाने कंप पावतात व श्राव्यातीत लहरी निर्माण करतात. परत आलेल्या प्रतिध्वनीचे तेच स्फटिक पुन्हा विजेत रूपांतर करतात. हा दाबविद्युत परिणाम जाक व पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. वैद्यकीय तपासणीत साधारणतः २ ते १५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. वारंवारता जितकी अधिक तितका चित्रातील तपशील सूक्ष्म, पण लहरी तितक्याच उथळ जातात. प्रौढांच्या तपासणीत या देवाणघेवाणीत बरेच काही गमवावे लागते. बाळाची छाती लहान व तिची भिंत पातळ असल्यामुळे उच्च वारंवारतेचा प्रोब वापरूनही हवे तितके खोल पाहता येते.

शरीरातील मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो, हवेत तो सुमारे ३४० मीटर. ऊती आणि हवा यांच्या सीमेवर जवळजवळ सर्व ध्वनी परत फिरतो आणि हवेपलीकडचे काही दिसत नाही. हाडही ध्वनीला अडवते. तान्ह्या मुलांत उरोस्थी व फासळ्यांचा बराच भाग अजून कूर्चेचा असतो, टाळू भरलेली नसते, आणि छातीत पुढच्या बाजूस मोठी थायमस ग्रंथी असते. या तिन्ही गोष्टी ध्वनीला वाट देतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेत थायमसचा काही भाग काढावा लागतो, तेव्हा त्यांपैकी एक वाट अर्थातच कमी होते.

इतिहास

आजाराच्या निदानासाठी श्राव्यातीत लहरी वापरण्याचे प्रयत्न ऑस्ट्रियाचे कार्ल डुसिक यांनी १९४० च्या सुमारास मेंदूवर केले. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुथ हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये हृदयाच्या हालचाली टिपल्या. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांचा १९५८ मधील लेख पोटातील गाठी व गर्भ यांच्या तपासणीचा पाया मानला जातो. फुप्फुस मात्र हवेने भरलेले असल्याने ते या तपासणीच्या कक्षेबाहेरच राहिले. फ्रान्समधील अतिदक्षतातज्ज्ञ दानिएल लिक्टेनस्टाइन यांनी १९९० च्या दशकात ही समजूत उलटी फिरवली. हवेमुळे पडद्यावर उमटणाऱ्या ज्या खोट्या प्रतिमांना आधी दोष मानले जाई, त्यांनाच त्यांनी चिन्हे मानून त्यांचा अर्थ लावला. फुप्फुसाच्या सोनोग्राफीविषयी आंतरराष्ट्रीय सहमतीच्या शिफारशी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि अत्यवस्थ नवजात व बालकांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे युरोपातील बाल व नवजात अतिदक्षता संस्थेच्या कार्यगटाने २०२० मध्ये मांडली.

बालकांमध्ये विशेष गरज

शस्त्रक्रिया झालेले लहान मूल आपले दुखणे सांगू शकत नाही. त्याची चिडचिड वेदनेची, भुकेची की प्राणवायू कमी पडल्याची, हे बाहेरून ओळखणे कठीण असते. त्यातच ते कृत्रिम श्वसनयंत्रावर, गुंगीच्या औषधांखाली असेल तर ही खूणही नाहीशी होते. सीटी स्कॅनसाठी अशा मुलाला दुसऱ्या मजल्यावर न्यायचे म्हणजे श्वासनलिकेतील नळी, छातीतील निचरा नळ्या, औषधांचे पंप असा सारा संसार बरोबर न्यावा लागतो, आणि वाटेत एखादी नळी निसटली तर तेच संकट ठरते. शिवाय क्ष-किरण व सीटी यांतील प्रारण वाढत्या वयाच्या ऊतींना अधिक बाधक ठरू शकते. जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलाच्या वाट्याला पहिल्या काही वर्षांत अशा तपासण्या अनेकदा येतात, म्हणून टाळता येण्याजोगी प्रत्येक तपासणी टाळावी असा दंडक आहे. सोनोग्राफीत आयनीकारक प्रारण नसते.

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर

पाणी व हवा

उताणे निजलेल्या बाळाच्या छातीत फुप्फुसाबाहेर हवा सुटली तर ती वर, म्हणजे छातीच्या पुढच्या बाजूस जमते. द्रव असेल तर तो खाली, पाठीकडे उतरतो. प्रोब कोठे ठेवायचा हे यावरूनच ठरते. हवेसाठी तो पुढे ठेवतात, द्रवासाठी कुशीच्या मागच्या अंगास. क्ष-किरण चित्रात पाठीकडे पसरलेला द्रव केवळ धूसर छटेसारखा दिसतो आणि आकसलेल्या फुप्फुसाशी त्याची गल्लत होते. सोनोग्राफीत द्रव काळा, तर हवा गेल्याने घट्ट झालेले फुप्फुस यकृतासारखे दाणेदार करडे दिसते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोहोंचे उपचार एकमेकांहून अगदी भिन्न आहेत. द्रव असल्यास नळी घालून तो काढावा लागतो. फुप्फुस मिटले असल्यास छातीचे व्यायामोपचार, कफ काढणे व श्वसनयंत्राचे दाब बदलणे हा मार्ग असतो. तेथे सुई घातल्यास इजाच होण्याचा संभव.

द्रव दिसला तरी तो कोणता हे चित्र सांगत नाही. शस्त्रक्रियेत छातीतील मुख्य लसिकावाहिनीला धक्का पोहोचला असेल तर काइल नावाचा मेदयुक्त द्रव छातीत झिरपतो. मूल उपाशी असेपर्यंत तो पाण्यासारखा असतो आणि दूध सुरू झाल्यावर पांढरट होतो. त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते. सोनोग्राफी एवढेच सांगते की काल नसलेला द्रव आज आहे. दूध सुरू केल्यानंतरचा दिवस असेल तर जाणत्या डॉक्टरला तेवढा इशारा पुरतो.

निरोगी छातीत प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसाचे आवरण छातीच्या भिंतीच्या आतील आवरणावर सरकताना दिसते. ही सरक दिसली म्हणजे त्या जागी मध्ये हवा नाही, हे निश्चित. याउलट सरक दिसली नाही म्हणजे हवा आहेच, असे मात्र ठरत नाही. नळी एकाच फुप्फुसात गेली असेल, फुप्फुस चिकटले असेल किंवा मूल क्षणभर श्वास घेत नसेल, तरी सरक थांबते. सरकणारा व न सरकणारा भाग जेथे एकमेकांस भेटतात तो 'फुप्फुसबिंदू' सापडला, तर मात्र सुटलेल्या हवेचे निदान पक्के होते.

श्वासपटल

या पद्धतीचा सर्वांत मोठा उपकार श्वासपटलाच्या पक्षाघाताच्या निदानात दिसतो. श्वासपटलाला आज्ञा देणाऱ्या फ्रेनिक चेता मानेतून निघून हृदयावरणाच्या दोन्ही कडांनी खाली उतरतात, म्हणजे शल्यचिकित्सकाच्या कामाच्या जागेस अगदी लगटून जातात. ताण, कापणी, विद्युत्दहनाची उष्णता किंवा हृदय गार ठेवण्यासाठी वापरलेला बर्फ यांनी त्यांना इजा होऊ शकते. प्रौढ माणूस एका बाजूचे श्वासपटल निकामी झाले तरी बहुधा निभावून नेतो. तान्ह्या बाळाचे तसे नसते. त्याच्या फासळ्या जवळजवळ आडव्या असतात, फासळ्यांमधील स्नायू दुबळे असतात, आणि त्याचा श्वास मुख्यतः श्वासपटलावरच चालतो.

अडचण अशी की जोपर्यंत बाळ श्वसनयंत्रावर आहे, तोपर्यंत हा दोष झाकलेला राहतो. यंत्र दाबाने हवा आत ढकलते तेव्हा निकामी श्वासपटलही निमूटपणे खाली जाते व क्ष-किरण चित्र बरे दिसते. श्वासनलिकेतील नळी काढल्यावर काही तासांत बाळाला धाप लागते आणि नळी पुन्हा घालावी लागते. हाच प्रकार दोनदा-तीनदा घडतो. हृदय नीट झालेले असूनही मूल यंत्रावरून सुटत का नाही, हे कोडे पडते. मधल्या काळात जंतुसंसर्गाचा धोका वाढत असतो.

सोनोग्राफीत प्रोब बरगड्यांच्या खाली ठेवून तो वर रोखला की श्वासपटल तेजस्वी वक्ररेषेसारखे दिसते. श्वास घेताना ती रेषा खाली, म्हणजे प्रोबकडे यावयास हवी. ती स्थिर राहिली तर श्वासपटल निकामी आहे, आणि ती उलट वर गेली तर दुसऱ्या बाजूच्या जोराने ओढली जात आहे. एकाच रेषेची हालचाल काळाच्या अक्षावर मांडणाऱ्या 'एम-मोड'मध्ये हा फरक आलेखासारखा उमटतो व दोन्ही बाजूंची तुलना करता येते. उजवीकडे यकृतामुळे दृश्य स्वच्छ मिळते. डावीकडे जठरातील हवा आड येते, म्हणून तेथे प्रोब कुशीकडून ठेवून प्लीहेच्या आधाराने पाहावे लागते. पूर्वी ही तपासणी फ्लुओरोस्कोपीने होत असे. त्यासाठी मुलाला क्ष-किरण विभागात न्यावे लागे.

येथे एक पथ्य आहे व ते मोडल्यास तपासणी व्यर्थ ठरते: बाळ स्वतःहून श्वास घेत असतानाच पाहिले पाहिजे. पूर्ण गुंगीत, यंत्राच्या दाबावर केलेली तपासणी 'हालचाल आहे' असे खोटे आश्वासन देते. म्हणून यंत्राचा आधार काही क्षण कमी करून किंवा नळी काढल्यानंतर पाहतात. दोष आढळल्यास काही मुलांत चेता काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरते. तोवर यंत्राविना तगणे जमत नसेल तर श्वासपटलाला चुण्या घालून ते ताणून बसवण्याची शस्त्रक्रिया करतात. निदान लवकर झाले तर हा निर्णयही लवकर होतो.

हृदयाभोवतीचा द्रव

हृदयावरणात रक्त साचून हृदयावर दाब येणे ही पहिल्या काही तासांतील जीवघेणी गुंतागुंत होय. निचरा नळीतून येणारे रक्त एकाएकी थांबणे हे नेहमीच शुभलक्षण नसते; गुठळीने नळी बुजली असेल तर रक्त आतच साचते. रक्तदाब घसरत असताना प्रोब छातीवर ठेवून हृदयाभोवतीची काळी कड व उजव्या कप्प्यांचे दबणे पाहता येते. मात्र शस्त्रक्रियेनंतरचे रक्त सर्वत्र सारखे पसरलेले नसते. ते गोठून हृदयाच्या मागे एकाच कप्प्यावर दाब देत असेल तर छातीवरून केलेल्या तपासणीत निसटू शकते. अशा वेळी चित्र स्वच्छ असले तरी मूल खालावत असेल तर मुलावर विश्वास ठेवावा, चित्रावर नव्हे. अन्ननलिकेतून इको करणे किंवा थेट छाती पुन्हा उघडणे हे पर्याय तेव्हा उरतात.

मूल घरी गेल्यानंतरही हृदयावरणाच्या दाहामुळे काही आठवड्यांत द्रव साचू शकतो. ताप, किरकिर, दूध कमी पिणे, उलट्या अशी त्याची लक्षणे साध्या आजारपणासारखीच भासतात. शस्त्रक्रियेचा पूर्वेतिहास गावातील डॉक्टरांना आवर्जून सांगणे म्हणूनच अगत्याचे असते.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर

पोटात आतड्यांतील हवा हा मोठा अडथळा असतो. तरीही फुटलेल्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर ताप उतरत नसेल तर ओटीपोटात किंवा यकृताखाली साचलेला पू दिसू शकतो. शस्त्रक्रियेनंतर आतडी काही दिवस मंदावणे स्वाभाविक असते. पण त्याच सुमारास क्वचित लहान आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो. नेहमीच्या इंटससेप्शनमध्ये दिसणारी रक्तमिश्रित शौचाची खूण येथे सहसा नसते, त्यामुळे 'आतडी अजून सुरू झाली नाहीत' असे समजून दिवस जातात. एकात एक अशी वर्तुळे दाखवणारे सोनोग्राफीचे चित्र ही कोंडी फोडते.

यकृत प्रत्यारोपणानंतर डॉप्लर तंत्राने यकृताच्या रोहिणीतील रक्तप्रवाह वारंवार तपासतात. बालकांच्या रोहिण्या बारीक असल्याने त्यांत गुठळी होण्याचे भय अधिक, आणि ती वेळेत न कळल्यास रोपित यकृत गमवावे लागू शकते. लघवी होत नसेल तर मूत्राशय भरलेले आहे की रिकामे, हे क्षणात कळते. भरलेले असल्यास दोष नळीत किंवा मार्गात शोधायचा, रिकामे असल्यास मूत्रपिंडांत किंवा रक्ताभिसरणात.

मेंदू व रक्तवाहिन्या

टाळू उघडी असेपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्षाच्या आत, तिच्यावर प्रोब ठेवून मेंदूतील पोकळ्यांचा आकार व रक्तस्राव पाहता येतो. जलशीर्षासाठी शंट बसवलेल्या तान्ह्या मुलांत पोकळ्या पुन्हा फुगू लागल्या का, हे याच मार्गाने कळते. टाळू भरल्यावर ही खिडकी मिटते.

मोठ्या नीलेत घातलेल्या नळीभोवती रक्ताची गुठळी होणे ही अतिदक्षता विभागातील नेहमीची चिंता आहे. निरोगी नीला प्रोबच्या हलक्या दाबाने पूर्ण मिटते. आत गुठळी असेल तर मिटत नाही. छातीच्या आतील मोठ्या नीला मात्र अशा दाबता येत नाहीत, तेथे डॉप्लरवर विसंबावे लागते.

मर्यादा

ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर व डोळ्यावर पुष्कळ अवलंबून असते. जखमेवरील पट्ट्या, निचरा नळ्या, त्वचेखाली पसरलेली हवा आणि काही वेळा सूज उतरेपर्यंत उघडीच ठेवलेली उरोस्थी यांमुळे प्रोब ठेवायला जागाच उरत नाही. पोट उघडल्यानंतर काही दिवस पोटात मोकळी हवा असणे स्वाभाविक असते. तिला आतडे फुटल्याचे लक्षण समजणे चूक ठरते. हृदय-फुप्फुस यंत्रावरील शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसात ओलसरपणाच्या उभ्या 'बी-रेषा' सर्रास दिसतात, त्यांवरून सूज, संसर्ग की हृदयाचे अपयश हे ठरत नाही. थोडासा द्रव तर बहुतेकांत असतोच. दिसला म्हणून काढला, या वृत्तीने मुलाला नको त्या सुया टोचल्या जातात.

'दिसले नाही' आणि 'नाही' या दोहोंत अंतर आहे. नोंद करताना कोणत्या जागा पाहिल्या व कोणत्या पाहता आल्या नाहीत, हे लिहिणे म्हणूनच आवश्यक मानतात. प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यास रीतसर सोनोग्राफी, इको किंवा सीटी यांकडे वळावे लागते. केवळ सोपी आहे म्हणून ही तपासणी करत राहून पुढची तपासणी लांबवणे घातक ठरू शकते.

सुरक्षितता व स्वच्छता

ध्वनीलहरींनी ऊती किंचित तापतात. तपासणी आवश्यक तेवढीच व कमीत कमी तीव्रतेने करावी, हा नियम येथेही लागू आहे. त्याहून प्रत्यक्षातला धोका संसर्गाचा. तोच प्रोब एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो; दर वेळी तो व त्याची तारही निर्जंतुक द्रावाने पुसली पाहिजे. जेलच्या मोठ्या बाटल्या पुन्हापुन्हा भरून वापरल्यास त्यांत जंतू वाढतात. दूषित जेलमुळे रुग्णालयांत बर्खोल्डेरिया जातीच्या जंतूंच्या साथी उद्भवल्याच्या नोंदी आहेत. ताज्या जखमेजवळ किंवा सुई घालताना एकदाच वापरायचे निर्जंतुक जेल घेतात. नवजात बाळासाठी जेल कोमट करून घेणे ही साधी पण मोलाची गोष्ट. गार जेलने एवढ्याशा जिवाचे तापमान चटकन उतरते.

भारतातील कायदेशीर चौकट

गर्भलिंगनिदानासाठी होणारा सोनोग्राफीचा गैरवापर रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्रीय कायदा संमत झाला व २००३ मध्ये सुधारणेनंतर तो अधिक कडक झाला. गर्भाचे लिंग ओळखण्याची क्षमता असलेले यंत्र या कायद्याच्या कक्षेत येते, मग ते बालहृदयरोग विभागात वापरले जात असो. यंत्राची नोंदणी, जागेची नोंदणी व वापरणाऱ्याची पात्रता यांचे नियम त्याला लागू होतात. २०१२ मधील नियमांनुसार हलवता येण्याजोगे यंत्र नोंदणी झालेल्या जागेच्या आत, दाखल रुग्णांसाठी वापरता येते. इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकांसाठी वेगळी तरतूद आहे. त्यामुळे अतिदक्षता विभागातील खाटेशेजारी होणारी तपासणी नियमांत बसते, पण तेच यंत्र गाडीत घालून एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयातील बाळाकडे नेता येत नाही. खिशात मावणारी यंत्रे आता उपलब्ध असली तरी त्यांनाही हेच बंधन आहे. लहान शहरातील रुग्णालयाला म्हणूनच स्वतःच्या नोंदणीचे यंत्र आणि ते हाताळणारा पात्र डॉक्टर या दोन्हींची सोय आपल्याच आवारात करावी लागते.